‘रिमूव्ह’ करण्यापूर्वी

इंग्रजी शब्द कानावर पडला की ज्यांच्या छातीत कळ येते, त्यांच्यापैकी मी नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. टेबलाला टेबल आणि स्टेशनाला स्टेशन म्हटल्याने मराठीचे काही बिघडले असे मला कधी वाटले नाही. उभा जन्म मी छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवला; आणि ज्या धंद्यात मुद्रितालाच प्रूफ म्हणतात, तिथे असले सोवळे पाळून भागत नाही. तेव्हा माझे भांडण इंग्रजीशी नाही. ते एका शब्दाशी आहे. आणि त्या शब्दाशीही तो इंग्रजी आहे म्हणून नव्हे, आपण मराठीत त्याला जे राज्य देऊन बसलो आहोत त्यापायी आहे. तो शब्द म्हणजे ‘रिमूव्ह’.

हल्ली हा शब्द कुठे नाही ते सांगा. पाककृती सांगणाऱ्या बाई म्हणतात, भेंडीचे देठ रिमूव्ह करा, तळून झाल्यावर जादा तेल रिमूव्ह करा. डॉक्टर टाके रिमूव्ह करतात. शिंपी शिवण उसवत नाही, रिमूव्ह करतो. शाळेतली पोर फळ्यावरचे रिमूव्ह करते. मोबाइलवरच्या कुटुंबाच्या ग्रूपात दोघांची खडाजंगी झाली की संध्याकाळपर्यंत कोणीतरी कोणाला तरी रिमूव्ह करतो. आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघरी जी धांदल उडते, तिच्यात तर विचारू नका. माळ्यावरचा पसारा रिमूव्ह, कोपऱ्यातली जळमटे रिमूव्ह, पितळेच्या समईवरचे डाग रिमूव्ह. एवढी कामे एकट्या क्रियापदाच्या गळ्यात मारल्यावर ते बिचारे दमत कसे नाही याचेच मला नवल वाटते.

याच घरात पूर्वी काय चालत असे? शेंगा सोलत, गहू पाखडत, पीठ चाळत, चहा गाळत, भात वेळत. मेथी खुडत, तण उपटत, विहीर उपसत. कढईची खरवड खरवडत, धूळ झाडत, सांडलेले टिपत, पाटीवरचे पुसत, वहीतले खोडत. यादीतले नाव वगळत, हिशेबातून रक्कम वजा करीत. तांदूळ निवडत आणि त्यातले खडे वेचत. (तांदूळ निवडायचे आणि आमदार निवडायचे क्रियापद एकच आहे, दुसऱ्या निवडीत खडे राहून जातात, तो दोष शब्दाचा म्हणता येणार नाही.) यांतला एकेक शब्द उच्चारून पाहा. ‘पाखडणे’ म्हटले की सूप दिसते, वाऱ्यावर उडणारा कोंडा दिसतो आणि मागे राहिलेले गहू दिसतात. ‘उसवणे’ म्हटले की कापड शाबूत ठेवून दोराच तेवढा सुटतो. कोण काढतो आहे, कशातून काढतो आहे, काढलेल्याचे काय होते आहे आणि मागे काय उरते आहे, याचा हिशेब शब्दाच्या पोटातच असतो. ‘रिमूव्ह’ म्हटल्यावर काय दिसते? वस्तू होती, आता नाही, एवढेच. मधला हात कोणाचा, आणि गेलेली वस्तू गेली कुठे, याचा पत्ता लागत नाही.

आता कोणी म्हणेल, इंग्रजांचे तरी याच शब्दावर भागते ना? इथेच आपली फसगत आहे. इंग्रजांचे मुळीच भागत नाही. खुद्द इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचच्या मार्गाने आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘जागेवरून हलवणे’ एवढाच होता. एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवण्याला ते ‘रिमूव्ह’ म्हणत. बिऱ्हाड हलवणारी गाडी तिकडे आजही ‘रिमूव्हल व्हॅन’च असते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मेजवान्यांत एक पदार्थ उचलून त्याच्या जागी जो दुसरा मांडीत, त्या नव्या पदार्थालाही ‘रिमूव्ह’ म्हणत. म्हणजे काढण्याबरोबर ठेवणेही त्यात आले. तिकडच्या जुन्या शाळांत वरच्या इयत्तेच्या उंबरठ्यावर असलेल्या वर्गाला ‘रिमूव्ह’ म्हणत. आणि चुलतभावाचा मुलगा त्यांच्या हिशेबी ‘एकदा रिमूव्ह झालेला’ चुलतभाऊ होतो, कारण तो एका पिढीने दूर आहे. दूर असला तरी तो नात्यातच आहे, हे विसरू नका.

स्वयंपाकघरात शिरावे तर इंग्रज संत्रे ‘पील’ करतो, पीठ ‘सिफ्ट’ करतो, दुधावरची साय ‘स्किम’ करतो, कोंबडीची पिसे ‘प्लक’ करतो. त्याच्या भाषेची हौस तर पाहा: मासळीतले काटे काढण्याला तो हाडावरून ‘बोन’ हेच क्रियापद करतो आणि तण उपटण्याला तणावरूनच ‘वीड’ म्हणतो. ‘डस्ट’ म्हणजे धूळ झाडणे आणि ‘डस्ट’ म्हणजेच केकवर साखर भुरभुरणे. असल्या जिवंत इंग्रजीतला एकही शब्द आपण उचलला नाही. आपण उचलली ती छापील फॉर्मातली, नोटिशीतली आणि यंत्राच्या पडद्यावरची इंग्रजी.

यंत्राचे उदाहरण तर विचार करण्याजोगे आहे. संगणकाच्या युनिक्स नावाच्या प्रणालीत १९७१ सालच्या पहिल्याच हस्तपुस्तिकेपासून ‘आर-एम’ अशी दोन अक्षरी आज्ञा आहे. ती ‘रिमूव्ह’चे लघुरूप. ती दिली की फाइल गेली, असे आपण समजतो. जाणकार सांगतात की तसे होत नाही. आज्ञा मिळाली की यंत्र सूचीतली नोंद तेवढी खोडते आणि ती जागा मोकळी म्हणून मांडून ठेवते. मजकूर पुष्कळदा तिथेच पडून असतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणजे वस्तू काढली असे यंत्र म्हणते तेव्हा खरे पाहता ते तिचा पत्ता विसरलेले असते.

माझ्या धंद्यातले काढणे निराळे होते. मुद्रितात जादा अक्षर दिसले की समासात एक वेलांटीसारखी खूण करायची; ‘पुसावे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षराचे ते वळण आहे. ती खूण पाहून जुळारी चिमट्याने खिळा उचली आणि केसमध्ये त्याच्या ठरलेल्या खणात परत टाकी. काढलेला ‘क’ नाहीसा होत नसे. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या शब्दात कामाला लागे. काढलेल्याला जायला घर आहे, हे त्या धंद्यात गृहीतच असे.

यावर एखादा चतुर वाचक मला पकडील. तो म्हणेल, अहो, तुमचे ‘काढणे’ काय निराळे आहे? तेही सगळीकडे घुसते. देठ काढा, टाके काढा, जळमटे काढा. एका ‘काढणे’च्या जागी एक ‘रिमूव्ह’ आला, बिघडले काय?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण ‘काढणे’ हा शब्द नीट पारखून पाहा. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठीचा मोठा कोश सिद्ध केला, तेव्हापासून आजवर प्रत्येक कोशकाराला या क्रियापदाने घाम फोडला असला पाहिजे. कारण ते एका अंगाने नाहीसे करते आणि दुसऱ्या अंगाने निर्माण करते. आपण जळमटे काढतो आणि रांगोळीही काढतो. काटा काढतो आणि चित्रही काढतो. गाईचे दूध काढतो, बँकेतून कर्ज काढतो, सहल काढतो, रुसलेल्याची समजूत काढतो, अडचणीतून वाट काढतो, वाईट दिवस काढतो, दूर असलेल्याची आठवण काढतो. मीठमोहऱ्या ओवाळून पोराची दृष्ट काढतो. तुमच्या हातातला हा दिवाळी अंकदेखील कोणीतरी काढलेलाच आहे. ‘नाव काढणे’ घ्या. यादीतून नाव काढले तर माणूस गेला. माझ्यापुढे त्याचे नाव काढू नकोस म्हटले तर तो नकोसा झाला. आणि पोराने घराण्याचे नाव काढले म्हटले की पेढे वाटायचे. यांतले कुठले ‘काढणे’ तुम्ही ‘रिमूव्ह’ने करून दाखवाल? पोराने घराण्याचे नाव रिमूव्ह केले, असे एखाद्या आजीला सांगून पाहा.

‘काढणे’ म्हणजे आत असलेले बाहेर आणणे. म्हणून आतून बाहेर आले त्याचे पुढे काय, हा प्रश्न त्या शब्दाला चिकटलेलाच असतो. दूध काढले तर ते चरवीत असते. कर्ज काढले तर ते डोक्यावर असते.

दुसरा आक्षेप भाषा वाढण्याचा. भाषा उसने घेऊनच वाढते, हे मला मान्य आहे. मराठीने फारसी-अरबीकडून किती घेतले! बडतर्फ, बरखास्त, रद्द, खारीज, वजा. हे सारे शब्द काढण्याचेच आहेत. पण प्रत्येकजण आपापले काम घेऊन आला. माणूस बडतर्फ होतो, सभा बरखास्त होते, हुकूम रद्द होतो, दावा खारीज होतो, रक्कम वजा होते. कोणी कोणाच्या दारात पाऊल टाकले नाही. इंग्रजीतूनही गाडी ‘कॅन्सल’ होते आणि शिपाई ‘सस्पेंड’ होतो, त्याला माझी हरकत नाही. ते पाहुणे आले, पाटावर बसले, जेवले, घरचे झाले. ‘रिमूव्ह’ आला आणि पंक्तीतल्या सगळ्यांना उठवून एकटाच बसला. पाहुण्याने यजमानाला घराबाहेर काढावे, याला वाढ म्हणायचे असेल तर माझे म्हणणे खुंटले.

इथवर गोष्ट भेंडीच्या देठाची होती. तेवढ्यासाठी मी दिवाळीच्या दिवसांत तुमचा फराळ अडवून धरला नसता. हा शब्द देठावरून माणसावर येतो, तिथे मला खरे बोलायचे आहे.

अमेरिकेत १८३० साली २८ मे रोजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचे नाव ‘इंडियन रिमूव्हल ॲक्ट’. तिथल्या मूळच्या लोकांना त्यांच्या भूमीवरून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला न्यायचे, असा तो कायदा. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ अशा थोडक्या मतांनी पार पडला. म्हणजे तेव्हाही पुष्कळांना त्यातला अन्याय दिसत होता. ज्यांना हलवायचे होते त्यांत चेरोकी लोक होते. सेक्वोया नावाच्या त्यांच्याच माणसाने त्यांच्या भाषेसाठी लिपी रचली होती. त्यांनी त्या लिपीचे खिळे पाडून घेतले आणि १८२८ साली ‘चेरोकी फीनिक्स’ नावाचे दुभाषी वर्तमानपत्र सुरू केले. छापखान्यातल्या माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १८३५ साली जॉर्जिया राज्याच्या शिपायांनी तो छापखाना उचलून नेला. मग १८३८-३९ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात सुमारे सोळा हजार माणसे पश्चिमेकडे हाकलली गेली, आणि त्यांतली सुमारे चार हजार दगावली असा अंदाज इतिहासकार देतात. कायद्याच्या भाषेत हे ‘रिमूव्हल’. इतिहासात त्या वाटेचे नाव राहिले ते ‘अश्रूंची वाट’. एकाच घटनेची ही दोन नावे शेजारी ठेवा. पहिल्यात माणूस कुठेच नाही. दुसऱ्यात त्याच्यावाचून काही नाही.

दूरदेशीचे सांगून मी सुटत नाही. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्याचे ३१४ वे कलम आयुक्तांना रस्त्यावरचे अतिक्रमण नोटिशीवाचून ‘रिमूव्ह’ करण्याचा अधिकार देते. त्या कलमात ठेला, खुर्ची, बाक, खोका, शिडी असल्या वस्तूंची यादी आहे. माणसाचा त्यात उल्लेख नाही, आणि कलम लिहिणाऱ्याच्या मनातही तो नसावा. पण १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, पदपथावर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठवून द्यायचे ठरले, तेव्हा हात याच कलमाचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटला म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यातल्या एका अर्जदाराची हकीकत निकालपत्रातच आहे. तो तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन शेतमजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ साली मुंबईत आलेला. वीस वर्षांनी पदपथावरचे त्याचे घर पाडले आणि कुटुंबासह त्याला सेलमच्या बसमध्ये बसवून दिले. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या. तो कामासाठी पुन्हा मुंबईत आला आणि पुन्हा पदपथावरच्याच एका घरात शिरला. यंत्राने मघाशी जे केले तेच इथे झाले. सूचीतली नोंद खोडली. माणूस होता तिथेच होता.

न्यायालयाने १९८५ च्या जुलैत निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यात स्पष्ट सांगितले, आणि ते या देशातल्या गरिबाला मिळालेले मोठेच देणे आहे. नोटीस न देण्याची मुभा म्हणजे नोटीस देऊच नये अशी आज्ञा नव्हे, असेही बजावले. कलम मात्र वैध ठरले; पावसात कोणाचे हाल होऊ नयेत म्हणून त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या काढू नयेत, एवढीच मुदत मिळाली.

आता मराठी शब्द या पापातून मोकळे आहेत काय? नाहीत. ‘अतिक्रमण हटाव’ ही पाटी आपलीच आहे, आणि तीही माणसाला वस्तूच्या रांगेत बसवते. पण आपल्याकडे दुसराही एक शब्द घडला. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढे एकामागून एक धरणे बांधली गेली, गावे पाण्याखाली गेली, आणि उठलेल्या माणसांना मराठीने ‘धरणग्रस्त’ म्हटले. ग्रहण लागलेल्या चंद्राला आपण ग्रस्त म्हणतो. कोणी गिळले आणि कोण गिळला गेला, दोन्ही त्या एका शब्दात आहे. म्हणूनच धरणग्रस्त म्हणून माणूस मोर्चात उभा राहू शकतो, सरकारी कागदावर हक्क सांगू शकतो. रिमूव्ह झालेला माणूस काय म्हणून उभा राहील?

आणखी एक दाखला देतो, तो घरातला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. त्या ठरावाने नेमके कशावर बोट ठेवले? नवऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे यांवर. पुसणे, तोडणे, फोडणे, काढणे: चार वस्तू आणि चार क्रियापदे. ती कानावर पडली की कपाळावर घासणारा हात दिसतो, काचेचा आवाज येतो, आणि ऐकणाऱ्याची मान खाली जाते. ज्या भाषेत बांगडी फुटली असे म्हणायला जीभ धजत नाही आणि ती ‘वाढवली’ असे म्हणतात, त्या भाषेने या ठिकाणी ‘फोडणे’ हा शब्द तसाच ठेवला. आणि म्हणूनच एक दिवस एका गावाला त्याची लाज वाटली. ‘दागिने रिमूव्ह करण्यात आले’ असे वाक्य असते, तर कोणत्या गावाने त्याविरुद्ध हात वर केला असता? नेमक्या शब्दाने क्रौर्य उघडे पडते. गुळगुळीत शब्दाखाली ते वर्षानुवर्षे झाकून राहते.

म्हणून मुलाबाळांच्या घरांना माझे सांगणे आहे. पोराच्या तोंडी हा शब्द आला की त्याला रागावू नका. त्याला विचारा, रिमूव्ह म्हणजे नेमके काय केलेस? पुसलेस, की खोडलेस? सोललेस, की उपटलेस? सांडलेले दूध टिपलेस, की नुसतेच पसरवलेस? पोर दोन दिवस वैतागेल, तिसऱ्या दिवशी सांगू लागेल. मग थोडे मोठे झाल्यावर त्याला पुढचा प्रश्न शिकवा. वर्तमानपत्रात अमुक वस्ती हटवली, अमुक कामगारांना कमी केले, यादीतून इतकी नावे काढली, असे वाचले की विचारायचे: कोणी? कशातून? आणि ती माणसे आता कुठे आहेत? एवढे तीन प्रश्न विचारायची सवय लागली तर व्याकरणाचा तास सत्कारणी लागला असे मी समजेन.

आणि या दिवाळीत कुटुंबाच्या ग्रूपातून ज्या कोणाला रिमूव्ह केले असेल, त्याचा पत्ता तुमच्यापाशी असेलच. आपल्याकडे रुसलेल्याची समजूत काढतात. फराळाचा डबा घेऊन जावे.